उजाड आणि उजाडणे

जग एकदा बुडून गेले आहे, शहरांवर झाडोरा माजला आहे आणि त्या मोडक्या भूमीत एखादे पोर चमत्कारांच्या संगतीने मोठे होते आहे, अशा कथांना मराठीत अजून नाव बसलेले नाही. जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा 'नाउसिका' (1984) हा चित्रपट त्याच जातीचा. 'प्रलयोत्तर किशोर-अद्भुतिका' असे नाव जुळवता येते, पण ते जिभेवर चढत नाही. तरी त्यातला एकेक शब्द सोडवून पाहण्यात मौज आहे.

आधी 'अद्भुत'. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात इंद्र-अगस्त्यांच्या संवादात हा शब्द येतो, आणि तिथे त्याचा अर्थ 'अजून न घडलेले' असा असावा. यास्कही निरुक्तात त्याची फोड 'अभूत'च्या अंगाने करतात. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ मात्र त्याचा संबंध 'दभ्', म्हणजे फसवणे, या धातूशी लावतात. मला यास्कांची वाट अधिक ओढते, कारण ती धरली तर अद्भुतकथा आणि भविष्यकथा मुळात एकाच घरच्या ठरतात.

'प्रलय' सोपा आहे. 'ली' म्हणजे विरघळणे, चिकटणे. 'विलीन', 'आलय' आणि गवयाची 'लय' ही त्याचीच भावंडे. 'जगबुडी'तले बुडणे संस्कृताचे नव्हे. हेमचंद्रांनी प्राकृत व्याकरणात 'मज्ज्'ऐवजी येणारे धातू सांगितले आहेत, त्यांत 'बुड्ड' आहे आणि शेजारीच 'खुप्प' आहे. आपले 'खुपणे' त्यातूनच आलेले दिसते. अरबी 'कयामत'चा धातू तर उभे राहण्याचा आहे. जगाचा शेवट म्हणजे मेलेल्यांचे उठून उभे राहणे. 'कायम' आणि 'मुक्काम' ही त्याच धातूची लेकरे आपण रोज वापरतो.

पण या कथांची खरी भूमी प्रलयानंतरची, आणि तिथे मराठीचा हात सढळ आहे. 'ओस' हा 'उद्वस'वरून, मध्ये 'उव्वस' असे प्राकृत रूप घेऊन आलेला असावा. वस्तीतला 'वस्' त्यात आहेच, फक्त 'उद्' लागून माणसे उठून गेली आहेत. 'उजाड'चे प्राकृत रूप 'उज्जड'. त्याच्या मुळाशी 'जटा', म्हणजे झाडाची मुळी, असावी असे मानतात, म्हणजे मुळासकट उपटलेले ते उजाड. आणि 'उजाडणे'? ते 'उजेड'च्या गोतातले, 'उज्ज्वल' किंवा 'उद्द्योत' यांच्याकडून आलेले दिसते. दोन वेगळी कुळे झिजत झिजत मराठीत एका उच्चाराच्या उंबऱ्यावर येऊन थांबली. त्यामुळे 'गाव उजाड झाले' आणि 'गावात उजाडले' यांत एका प्रत्ययाचे अंतर उरले. या कथाप्रकाराला मी 'उजाडकथा' म्हणेन.

धुळ्याला 'उजाड' हा शब्द परका नाही. होळकरी फौजांची लूट आणि पाठोपाठचा दुष्काळ यांनी 1803 साली धुळे पार ओस पडले. पुढच्याच वर्षी सरदार विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवले, आणि 1818 नंतर इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज यांनी खानदेशाचे ठाणे म्हणून तेच निवडले. उजाड मुलूख वसवायचा तर मराठी राज्यात 'कौल' देण्याची रीत होती. अरबीत 'कौल' म्हणजे बोलणे, दिलेला शब्द. चढत्या साऱ्याची सवलत, तिचे नाव 'इस्तावा', लिहून देत आणि तेवढ्या भरवशावर कुणबी पडीक रानात नांगर घालायला परतत. गुरवाने देवाकडून मागितलेला कौलही हाच. धुळ्यातच 1926 साली देह ठेवलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांना अशा शब्दांत सबंध समाज दिसत असे. त्यांचा मराठी धातुकोश त्यांच्या पश्चात तिथल्याच संशोधन मंडळाने छापला.

आता वाढत्या पोराकडे वळू. 'किशोर' हा अथर्ववेदात घोड्याचे शिंगरू आहे, माणसाच्या पोराला तो नंतर चिकटला. 'तरुण'च्या शेजारी 'तर्णक' म्हणजे वासरू उभे आहे. फारसी 'जवान' आणि संस्कृत 'युवन्' हे तर सख्खे. अरबी 'बालिग' म्हणजे पोचलेला. त्याच धातूचा 'मब्लग', म्हणजे जिथवर बेरीज पोचली ती रक्कम, जुन्या दस्तांत रुपयांपुढे 'मुबलग' होऊन बसला आणि 'मुबलक' पाऊस पाडू लागला असे दिसते.

मराठीने मात्र वयाची कसोटी ज्ञानावर लावली. अठराच्या आतले ते 'अज्ञान', पुढचे 'सज्ञान'. धुळ्या-जळगावच्या कित्येक सातबाऱ्यांवर पोराच्या नावापुढे 'अ.पा.क.' असे लिहिलेले सापडते, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि त्यापुढे आईचे किंवा काकाचे नाव. वारस सज्ञान झाला की अर्ज करून तो शेरा कमी करून घेतात. उजाडकथेतल्या पोराचा पालनकर्ता बहुधा आधीच्या जगाबरोबर गेलेला असतो. त्याचा शेरा पहिल्याच पानावर कमी होतो, आणि ज्ञान त्याला त्यानंतर मिळवावे लागते.