हॅसलिंग्डनचे तीन शनिवार

हॅरी ब्रूकने आपल्याला दोनदा फसवलं, असं सेलूतल्या पोरांचं म्हणणं. २०२४ च्या आयपीएलसाठी दिल्लीने त्याला चार कोटींना घेतलं, तो आला नाही. आजी वारली होती, म्हणून पोरं गप्प बसली. पुढच्या लिलावात त्याच दिल्लीने सव्वासहा कोटी मोजले, तरी स्वारी आली नाही. इंग्लंडकडून खेळायची तयारी करायची म्हणाला. मग भारतीय बोर्डाच्या नव्या नियमाने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. स्टेशनकडच्या चहाच्या टपरीवर यावरून चांगली तासभर भांडाभांडी झाली, आणि निवृत्त मास्तर म्हणून निवाडा माझ्याकडे आला. “सर, ज्याचा मालक दुसराच आहे असा गडी घ्यायचाच कशाला?”

पोरांना वाटतं हे आयपीएलने आणलं. मी त्यांना १९५२ ची गोष्ट सांगितली, तीच इथे नीट मांडतो.

त्या साली सेलू महाराष्ट्रात नव्हतं. परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता, पोलिस कारवाईला अजून चार वर्षंही पुरी झाली नव्हती. माझे तात्या, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, इथल्या एका जिनिंगमध्ये मुनीम होते. कापसाच्या गाठींचा हिशेब आणि क्रिकेटचा हिशेब ते सारख्याच बारकाईने ठेवत. मनमाडहून मीटरगेजच्या गाडीने शिळी वर्तमानपत्रं येत, त्यातली धावफलकाची कात्रणं ते वहीत डकवत. हैदराबाद राज्याची माणसं म्हणून त्यांचा सगळा जीव ऑफस्पिनर गुलाम अहमदवर. मुंबईकरांची नावं ते जरा नाक मुरडूनच घेत. एक विनू मंकड मात्र त्यांना अपवाद होता.

आणि तो अपवाद करावा असाच माणूस होता. जामनगरचा जन्म, डावखुरा फिरकी गोलंदाज, उजव्या हाताचा फलंदाज, गरज पडेल तिथे सलामीलाही जाणारा. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११२० धावा केल्या आणि १२९ बळी घेतले. १९५१-५२ मध्ये इंग्लंडचा संघ इथे आला, तेव्हा पाच कसोटींत ३४ बळी. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने आपली पहिलीवहिली कसोटी जिंकली. त्या सामन्यात मंकडने पहिल्या डावात ५५ धावांत आठ आणि दुसऱ्या डावात ५३ धावांत चार गडी बाद केले. कर्णधार होता सांगलीचा विजय हजारे. चारच महिन्यांनी भारत इंग्लंडमध्ये कसोटी खेळणार होता.

मंकडला मात्र दुसरीकडूनही बोलावणं होतं. लँकेशायर लीगमधल्या हॅसलिंग्डन क्लबला त्या उन्हाळ्यासाठी तो व्यावसायिक खेळाडू म्हणून हवा होता.

ही लीग १८९२ पासूनची. नेल्सन, कोल्न, बेकप, रॉटेनस्टॉल, रिश्टन, हॅसलिंग्डन ही सगळी कापडगिरण्यांची छोटी गावं. तात्यांना या लीगचं कौतुक होतं ते त्यामुळेच. कापसावर जगणाऱ्या गावांना क्रिकेट कळतं, असं त्यांचं एक शास्त्र होतं. (सेलूचा संघ परभणीकडून हरला की हे शास्त्र काही दिवस बंद असे.) लीगची रचना साधी. दर क्लबला एकच पगारी खेळाडू ठेवता येई, बाकीचे दहा गावातलेच गिरणीकामगार, कारकून, दुकानदार. सामना शनिवारी दुपारी. आठवडाभर त्या एका व्यावसायिकाने गावातल्या पोरांना शिकवायचं आणि शनिवारी गाव जिंकून द्यायचं. त्याने पन्नास धावा केल्या तर मैदानभर पेटी फिरे आणि लोक त्याच्यासाठी नाणी टाकत. त्याच्या नावावर तिकिटं खपत, त्या तिकिटांवर क्लबचं वर्ष निघे. तो एक शनिवार आला नाही, तर क्लबला बदली व्यावसायिक शोधावा लागे, आणि लोक बदलीला बघायला येत नसत.

हिंदी खेळाडूंना या लीगची ओढ का लागली, हेही समजण्यासारखं आहे. आपल्याकडे क्रिकेटपटूला पोट भरायचं तर संस्थानिकाची चाकरी हवी. नागपूरच्या सी. के. नायडूंना होळकरांनी इंदूरला नेऊन आपल्या फौजेत अधिकारी केलं, हजारे बडोद्याच्या आश्रयाला. सत्तेचाळीसनंतर संस्थानंच विलीन झाली आणि हे आश्रयदाते एकेक करून हात आखडते घेऊ लागले. बोर्ड कसोटी खेळण्याचे जे देई, त्यात संसार चालणार नव्हता. कर्णधार हजारे स्वतः १९४९ मध्ये रॉटेनस्टॉलकडून खेळून आला होता. पुढे सुभाष गुप्ते रिश्टनला गेला. वेस्ट इंडीजचे तर सगळे मोठे तिथेच: वीक्स बेकपला, वॉलकॉट एनफील्डला, वॉरेल शेजारच्या दुसऱ्या लीगमध्ये रॅडक्लिफला.

मंकडने बोर्डाला सरळ विचारलं. दौऱ्यासाठी माझी जागा पक्की असेल तर मी हॅसलिंग्डनला नाही म्हणतो. बोर्डाचं उत्तर आलं, की निवडीआधी कुणालाच असा शब्द देता येणार नाही. नियम म्हणून हे उत्तर चूक नव्हतं. पण ज्याने नुकतेच चौतीस बळी घेतले, त्याला नियम ऐकवणं म्हणजे काय, ते सांगायला नको. मंकडने हॅसलिंग्डनच्या करारावर सही केली. बोर्डाने त्याच्याशिवाय संघ निवडला.

पाच जून १९५२, लीड्स. पहिल्या डावात विजय मांजरेकरने १३३ आणि हजारेने ८९ धावा केल्या, एकूण २९३. मग आमच्या गुलाम अहमदने ६३ षटकं टाकून शंभर धावांत पाच गडी उडवले आणि इंग्लंडला ३३४ वर रोखलं. इथवर सामना बरोबरीचा. दुसऱ्या डावात पहिल्या चौदा चेंडूंत चार गडी गेले, फळ्यावर एकही धाव नव्हती. पंकज रॉय, दत्ताजी गायकवाड, माधव मंत्री, मांजरेकर. समोर गोलंदाजीला फ्रेड ट्रूमन नावाचा पोरगा, पहिलीच कसोटी खेळत होता. चार बाद शून्य हा फलक तात्यांनी वहीत डकवला नव्हता. त्या पानावर फक्त गुलाम अहमदची गोलंदाजी आहे.

हरल्यावर बोर्ड हॅसलिंग्डनच्या दारात गेलं. जो माणूस आधी एका शब्दावर फुकट मिळत होता, त्याच्यासाठी आता क्लबशी वाटाघाटी करून भरपाई द्यावी लागली. क्लबने आडमुठेपणा केला नाही, उरलेल्या तिन्ही कसोटींसाठी त्याला मोकळं केलं. इंग्लंडमधली कसोटी गुरुवारी सुरू होई, म्हणजे प्रत्येक कसोटीच्या पोटात एक शनिवार येई. गिरणीगावाने आपले तीन शनिवार सोडले, असा याचा अर्थ.

लॉर्ड्सची कसोटी १९ जूनला सुरू झाली. मंकड लीगच्या एका दुपारच्या सामन्यांतून उठून थेट पाच दिवसांच्या कसोटीत आला, आणि पंकज रॉयबरोबर सलामीला १०६ धावा जोडल्या. स्वतःच्या ७२. इंग्लंडने ५३७ केल्या. त्यात मंकडने ७३ षटकं टाकली, १९६ धावा देऊन पाच बळी. एवढी गोलंदाजी करून तो पुन्हा सलामीला आला आणि १८४ धावा काढल्या, हजारेबरोबर २११ ची भागी. कसोटीत तोवर कुणा भारतीयाने एवढी मोठी खेळी केली नव्हती. शेवटी इंग्लंडला हव्या असलेल्या ७७ धावांसाठीही चोवीस षटकं त्यानेच टाकली. भारत आठ गड्यांनी हरला. तरी लोक आजही त्या सामन्याला मंकडची कसोटी म्हणतात, आणि लॉर्ड्सच्या फलकावर फलंदाजीतही त्याचं नाव आहे, गोलंदाजीतही.

मला या सगळ्यात एक गोष्ट फार बोचते. इंग्लंडने त्याच मालिकेत लेन हटनला कर्णधार केलं होतं. पगार घेऊन खेळणाऱ्या माणसाला आधुनिक काळात पहिल्यांदाच हा मान मिळाला; तोवर ती खुर्ची हौशी साहेबांची. म्हणजे ज्यांनी हौशी आणि पगारी असा जातिभेद शोधून काढला, ते तो मोडत होते, आणि आपलं बोर्ड पगारासाठी खेळणाऱ्याला त्याच साली ताटकळत ठेवत होतं.

अनुभव नव्हता असंही नाही. १९३३ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ इंग्लंडला आला, तेव्हा लिअरी कॉन्स्टंटाइन नेल्सनशी बांधलेला होता; त्याच्या वाट्याला मँचेस्टरची एकच कसोटी आली. १९३६ मध्ये आपला अमरसिंग कोल्नकडे होता. कोल्नने त्याला कसोटींपुरतं सोडलं आणि त्याने लॉर्ड्सला ३५ धावांत सहा बळी घेतले. म्हणजे क्लबशी आधी बसून बोललं, तर मार्ग निघतो, हे बोर्डाला सोळा वर्षांपूर्वीच ठाऊक होतं.

या भागातल्या माणसाला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जोडपी जातात, तेव्हा मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन कोयता, म्हणजे ते जोडपं, बांधून ठेवतो. एकाची उचल अंगावर असताना दुसऱ्या मुकादमाने त्याच जोडप्याला पैसे दिले, की दसऱ्यानंतर ट्रक दारात उभा राहतो आणि घराला कुलूप असतं. पैसे बुडतात ते नंतर देणाऱ्याचे. तात्यांचा मंकडविषयीचा निकाल याच मापाने होता: पहिल्याचा हंगाम आधी, मंकडने हॅसलिंग्डनला दगा दिला नाही हेच त्याचं मोठेपण. फरक इतकाच, की मंकडपाशी क्लब आणि बोर्ड दोघांनाही विचारायची ताकद होती. कोयत्याला ती कधीच नव्हती, आजही नाही.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत मिनेसोटाला आहे. त्याने फोनवर बर्फावरच्या हॉकीचं सांगितलं, तेव्हा मला हसूच आलं. तीच गोष्ट, फक्त थंडी जास्त. तिथल्या एनएचएल संघांमध्ये दरवर्षी कोवळ्या पोरांची वाटणी होते. संघाने नाव पुकारलं, की त्या खेळाडूवर त्याचा हक्क लागतो. पण पोरगा रशियन असेल आणि तिकडच्या केएचएलमधल्या संघाशी त्याचा करार असेल, तर हक्क कागदावर राहतो आणि गडी मॉस्कोत. दोन लीगमध्ये खेळाडू सोडवून घ्यायचा करारच नाही. म्हणून चांगल्या चांगल्या रशियन पोरांची नावं खाली खाली जातात, आणि धीर धरणाऱ्याला ती स्वस्तात मिळतात. मिनेसोटाने किरिल काप्रिझोव्हला २०१५ मध्ये १३५ व्या क्रमांकावर घेतलं. तो आला २०२० मध्ये, आणि पहिल्याच मोसमात सर्वोत्तम नवोदित ठरला. फिलाडेल्फियाने २०१५ मध्येच घेतलेला गोलरक्षक इव्हान फेदोतोव्ह २०२२ मध्ये निघायच्या तयारीत असताना त्याला धरून लष्करी सेवेत पाठवलं. तो पोहोचला २०२४ मध्ये. सोव्हिएत काळात तर याहून वाईट. व्लादिस्लाव त्रेत्याक हा जगातला नामांकित गोलरक्षक, १९८३ मध्ये मॉन्ट्रियलने त्याच्यावर नाव टाकलं, पण सरकारने सोडलंच नाही. सर्गेई फ्योदोरोव्ह १९९० मध्ये अमेरिकेत सामने खेळायला आलेल्या संघातून गुपचूप निघून डेट्रॉइटला पोहोचला. मंकडला असलं काही करावं लागलं नाही, कारण त्याला अडवणारं सरकार नव्हतं, एक क्लब होता, आणि क्लबला पैशात समजावता येतं.

तर पोरांच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. बांधलेला गडी घ्यावा, जरूर घ्यावा, तो बहुधा स्वस्त मिळतो. पण त्याच्या आधीच्या मालकाशी लिलावाआधी बोलावं, आणि त्याच्या देशाच्या सामन्यांचं वेळापत्रक समोर ठेवूनच बोली लावावी. ब्रूकचा राग ब्रूकवर काढण्यात अर्थ नाही. एकदा न आलेल्या माणसावर पुढच्याच वर्षी सव्वासहा कोटी लावणाऱ्याला आधी विचारा.

बोर्डाने १९५२ मध्ये हे केलं नाही, आणि त्याची किंमत लीड्सला मोजली. लॉर्ड्सनंतर तरी दौरा सुधारला, असंही नाही. मँचेस्टरला १९ जुलैच्या शनिवारी भारत एकाच दिवसात ५८ आणि ८२ वर दोनदा बाद झाला. तो हॅसलिंग्डनने सोडलेला दुसरा शनिवार. ओव्हलला पावसाने वाचवलं. पण त्याच हिवाळ्यात पाकिस्तानविरुद्ध दिल्लीला मंकडने एका सामन्यात तेरा बळी घेतले, आणि मुंबईच्या कसोटीत हजार धावा व शंभर बळी पुरे केले. कारकिर्दीतली ती २३ वी कसोटी. एवढ्या कमी कसोटींत हे साधण्याचा त्याचा विक्रम इयान बोथमने १९७९ मध्ये मोडला, तोवर सत्तावीस वर्षं टिकला.