पाटील, संदीप : केनियातील कामगिरी

क्रिकेट पुरते न रुजलेल्या केनियाला २००३ च्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत नेणारे मुंबईकर प्रशिक्षक. १९८३ च्या विश्वविजेत्या भारतीय संघातील आक्रमक फलंदाज. २४ फेब्रुवारी २००३ रोजी नैरोबीत केनियाने श्रीलंकेला ५३ धावांनी हरवले. लेगस्पिनर कॉलिन्स ओबुयाने २४ धावांत ५ बळी टिपले. सुरक्षेच्या कारणावरून न्यूझीलंडचा संघ नैरोबीला गेला नाही, त्यामुळे मिळालेल्या गुणांचा हातभार लागला खरा. पण बांगलादेश आणि झिंबाब्वेला केनियाने मैदानावरच नमवले. म्हणून या यशाला निव्वळ नशीब म्हणणे अन्यायाचे ठरेल. डरबनच्या उपांत्य सामन्यात भारताने ९१ धावांनी मात केली. पुढे केनियाच्या क्रिकेट मंडळातील बेबनाव आणि पैशांची चणचण यांनी घडी विस्कटली. २०१४ मध्ये केनियाने एकदिवसीय दर्जाही गमावला.