लंडनांतील हरवलेले सॅकबट-वादक

पाश्चात्यांच्या सुषिर वाद्यांत ट्रॉम्बोन नांवाचें एक पितळी वाद्य आहे. त्याची नळी आंतबाहेर सरकवून स्वर काढतात. पंधराव्या शतकांत तें यूरोपांत प्रचारांत आलें. इंग्रज लोक त्यास पूर्वीं ‘सॅकबट’ म्हणत. या वाद्याविषयीं व त्याच्या वादकांविषयीं झालेले कांहीं घोटाळे जुन्या कागदांच्या शोधकांस मौजेचे वाटतील.

दुसऱ्या चार्ल्स राजाच्या पदरीं सॅकबटवाले होते. मॅथ्यू लॉक यानें त्यांच्यासाठीं रचलेलें संगीत आजहि उपलब्ध आहे. पुढें हा ताफा लोपला. हँडेल यानें १७३९ सालीं ‘सॉल’ नामक कृतींत ट्रॉम्बोन योजिले खरे, पण तो प्रघात टिकला नाहीं.

इ. स. १७८४ च्या मे-जून महिन्यांत वेस्टमिन्स्टर ॲबे येथें हँडेलचा स्मरणोत्सव झाला. गायक-वादक मिळून पांचशेंवर मंडळी जमविली होती, आणि कोणत्याहि जातीचें वाद्य वगळावयाचें नाहीं असा चालकांचा निश्चय होता. (उत्सव जन्मशताब्दीचा म्हणून केला, पण हँडेलचा जन्म १६८५ चा! इंग्लंडांत तेव्हां वर्षारंभ २५ मार्चला होत असल्यामुळें फेब्रुवारींतील जन्म १६८४ त पडला, व समाधिलेखांतहि तोच आंकडा कोरला गेला. शकवर्षांच्या वादांत मुरलेल्या आमच्या वाचकांस याचें नवल वाटणार नाहीं.) डॉ. चार्ल्स बर्नी यानें १७८५ त प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तांत लिहिलें आहे कीं, सॅकबटचा शोध सुरू झाला तेव्हां ना वाद्य मिळे, ना वादक. देशांत विचारपूस झाली, यूरोपखंडांत पत्रें गेलीं, सर्व व्यर्थ. अखेर उमगलें कीं, खुद्द तिसऱ्या जॉर्ज राजाच्या लष्करी बँडांत सहा असामी हें वाद्य लहानमोठ्या तीन प्रकारांत वाजवीत आहेत. काखेंत कळसा नि गांवाला वळसा!

बर्नी आणखी सांगतो कीं, सॅकबटचें काम नसे तेव्हां हे सहाजण इतर वाद्यें वाजवीत. माझ्या मतें साऱ्या घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे. ज्याची नेमणूक दुसऱ्या वाद्यावर, त्याची ही विद्या यादींत कोठून दिसणार? आपल्या दप्तरांतील नेमणुकांच्या याद्या वाचतांना हें ध्यानांत असावें. यादींत नाहीं म्हणून ती कलाच नव्हती असें अनुमान आपण फार लवकर काढतों.

नांवानेंहि असाच घोंटाळा केला. बायबलांतील दानिएलाच्या ग्रंथांत, नबुखद्नेस्सराच्या सुवर्णमूर्तीपुढें वाजणाऱ्या वाद्यांत ‘सब्बेका’ हें अरामी नांव येतें. तें तंतुवाद्य होय. १५६० च्या जिनीव्हा भाषांतरांत व १६११ च्या राजमान्य प्रतींत तेथें ‘सॅकबट’ छापलें गेलें. उच्चारसाम्यानें भाषांतरकार फसले असावेत. परिणामीं बाबिलोनच्या दरबारीं ट्रॉम्बोन घुमूं लागले.

पुढें तर अशीहि कथा निघाली कीं, व्हेसूव्हियसनें गाडलेल्या नगरांत रोमन ट्रॉम्बोन सांपडला व नेपल्सच्या राजानें तो इंग्लंडच्या राजास नजर केला. ग्रंथामागून ग्रंथांत ती उतरली. वस्तु मात्र कोणीं दाखविली नाहीं. नजराणा घेणारा राजा म्हणून नांव सांगतात तें तिसऱ्या जॉर्जचेंच, ज्याच्या पदरचे सहा जिवंत वादक लंडनास ठाऊक नव्हते.