तराण्याला अर्थ असतो का? भेंडीबाजार घराणे आणि इमाम गझाली

भेंडीबाजार म्हटलं की दुकानं, गर्दी आणि रमजानच्या रात्री आठवतात. हिंदुस्थानी गायकीतलं एक घराणंही याच मोहल्ल्याच्या नावाने ओळखलं जातं. १८९० च्या सुमारास बिजनौर-मुरादाबाद भागातले तीन भाऊ, उस्ताद छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ, इथे स्थायिक झाले. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नजीर खाँ साहेबांकडे शिकल्या. छज्जू खाँ यांचे चिरंजीव अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकर यांनी काही काळ तालीम घेतली.

हिशोबाची बाजू

या घराण्याची खास ओळख म्हणजे मेरुखंड. यात ठरावीक स्वर उलटसुलट क्रमाने, एकही मांडणी न सोडता गायचे. चार स्वरांच्या २४ मांडण्या होतात, सात स्वरांच्या ५०४०. देवगिरीच्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीत रत्नाकर’मध्ये ही पद्धत सांगितली आहे.

संगीताचं मूळ आकड्यांत आहे, असं ग्रीसमधले पायथागोरसचे अनुयायीही मानत. ग्रह-तारे फिरताना संगीत निर्माण होतं, असंही ते म्हणत. दहाव्या शतकातले फाराबी मात्र स्वतः वादक होते. ‘किताबुल मौसिकी अल-कबीर’मध्ये त्यांनी ग्रहांच्या संगीताची कल्पना नाकारली. गणित हवंच, पण शेवटचा निवाडा कानाचा, अशी त्यांची भूमिका होती.

अर्थाची बाजू

इंदूरचे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांना मेरुखंड वडिलांकडून मिळालं. त्यांचे वडील, सारंगीवादक शाहमीर खाँ, भेंडीबाजार घराण्याशी जोडलेले होते. तराण्यातले बोल निरर्थक नाहीत, त्यांत फारसी शब्द दडले आहेत, असं अमीर खाँ साहेब सांगत: ‘यला’ म्हणजे या अल्लाह, ‘दर आ’ म्हणजे आत ये, ‘तू दानी’ म्हणजे तू जाणतोस. सगळेच जाणकार हे मानत नाहीत. पण खाँ साहेब तराण्यात फारसी कलामही गात.

शब्द नसतील तर संगीताला अर्थ उरतो का? व्हिएन्नाचे समीक्षक हान्सलिक यांनी १८५४ साली उत्तर दिलं की संगीताचा आशय म्हणजे स्वरांचे हलते आकार. भावना दाखवणं हे त्याचं काम नाही.

इराणमधल्या तूस शहराचे इमाम गझाली (१०५८–११११) यांनी शतकांपूर्वी श्रोत्यापासून सुरुवात केली होती. लोखंड दगडावर आपटलं की ठिणगी उडते, तसं मनात दडलेलं ऐकण्याने बाहेर येतं. मनात अल्लाहची ओढ असेल तर ती वाढते, वासना असेल तर तीही भडकते. म्हणून समा ऐकताना वेळ, जागा आणि सोबत या तिन्ही गोष्टी पाहाव्यात, असं ते सांगतात.

संगीत जायज आहे का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि घराघरातही ही चर्चा होते. त्या चर्चेत गझालींचा प्रश्न उपयोगी पडतो: काय ऐकतो याच्यासोबत, ऐकून आपल्या मनात काय जागं होतं?