पीतज्वर डासामुळे होतो हे १८८१ सालीच सांगितलं होतं, पण जगाला पटायला २० वर्षं लागली

हवाना, १४ ऑगस्ट १८८१. क्युबाच्या विज्ञान अकादमीत डॉ. कार्लोस फिन्ले यांनी एक निबंध वाचला. पीतज्वर, म्हणजेच यलो फिव्हर, घाण हवेमुळे किंवा रोग्याच्या कपड्यांमुळे पसरत नाही, तर एका ठरावीक जातीच्या डासामुळे पसरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. सभेत ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे तर त्यांची थट्टाच झाली.

फिन्ले बरोबर होते. त्यांनी ज्या डासावर बोट ठेवलं, तो आज एडिस इजिप्ती म्हणून ओळखला जातो. मग अडलं कुठे?

लोक एवढे घाबरायचे का?

पीतज्वरात आधी जोराचा ताप येतो. आजार बळावला की कावीळ होते, रक्तस्राव होतो आणि काळी ओकारी होते. १७९३ मध्ये फिलाडेल्फिया ही अमेरिकेची राजधानी होती. त्या वर्षीच्या साथीत तिथे सुमारे ५,००० माणसं दगावली. म्हणजे शहरातला साधारण दर दहावा माणूस गेला.

कारण माहीत नसल्यामुळे उपायही अंदाजाने चालायचे. जहाजं बंदराबाहेर अडवून ठेवायची, रोग्याचं अंथरूण-पांघरूण जाळायचं. तरी साथ येतच राहायची.

गाडी अडली १२ दिवसांवर

फिन्ले यांनी स्वतः प्रयोगही केले. रोग्याला चावलेला डास ते काही दिवसांतच निरोगी माणसाला चावू द्यायचे. पण त्यातून ठाम असा पुरावा मिळत नव्हता. डास एकाकडून घेतो आणि दुसऱ्याला टोचतो, एखाद्या सुईसारखा, अशी त्यांची सुरुवातीची कल्पना होती.

कोडं सुटायला सुरुवात झाली १८९८ मध्ये. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या दोन छोट्या वस्त्यांत डॉ. हेन्री कार्टर साथीची बारीक नोंद ठेवत होते. त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. घरात पहिला रोगी आढळल्यावर लगेच तिथे जाऊन आलेले लोक आजारी पडत नव्हते. साधारण दोन आठवड्यांनंतर त्याच घरात गेलेले मात्र पडत होते.

याचा अर्थ, रोगाचं कारण मधल्या काळात कुठेतरी तयार होत होतं. ते ठिकाण म्हणजे डासाचं शरीर. डासाने रक्त शोषल्यावर विषाणू त्याच्या अंगात वाढून लाळेपर्यंत पोहोचायला बहुतेक वेळा १२ दिवस किंवा त्याहून जास्त लागतात. त्याआधी तो चावला तर काही होत नाही. शिवाय डास रोग्याला आजाराच्या पहिल्या तीन दिवसांत चावलेला असावा लागतो.

डॉक्टरांनी स्वतःलाच डास चाववून घेतले

१९०० मध्ये अमेरिकी लष्कराने क्युबात एक आयोग पाठवला. त्यात वॉल्टर रीड, जेम्स कॅरोल, जेसी लाझीर आणि अरिस्टिडेस अॅग्रामोंटे असे चार डॉक्टर होते. फिन्ले यांनी त्यांना डासांची अंडी दिली. लाझीर यांनी त्यातून डास वाढवले.

ऑगस्टमध्ये कॅरोल यांनी स्वतःला डास चावू दिला. त्या डासाने १२ दिवसांपूर्वी एका रोग्याचं रक्त घेतलेलं होतं. कॅरोल मरणाच्या दारातून परत आले. लाझीर मात्र २५ सप्टेंबरला गेले. वय अवघं ३४. त्यांना डास चुकून चावला की त्यांनी मुद्दाम चावू दिला, यावर आजही वाद आहे.

पुढच्या प्रयोगांसाठी हवानाजवळ उभारलेल्या छावणीला रीड यांनी ‘कॅम्प लाझीर’ हेच नाव दिलं.

तिथे दोन खोल्या होत्या. पहिल्या खोलीत तीन जण रोग्यांच्या ओकारीने आणि घाणीने माखलेल्या अंथरुणात २० रात्री झोपले. एकही आजारी पडला नाही. दुसरी खोली स्वच्छ होती, पण मधोमध बारीक जाळी लावलेली. एका बाजूला डास सोडलेले, दुसऱ्या बाजूला एकही नाही. डासांच्या बाजूला राहिलेल्या स्वयंसेवकाला पीतज्वर झाला. जाळीपलीकडचे ठणठणीत राहिले.

कपड्यांचा सिद्धांत तिथेच निकालात निघाला.

या प्रयोगांत स्पेनहून आलेले गरीब स्थलांतरितही होते. त्यांना १०० डॉलर मिळायचे आणि आजारी पडल्यास आणखी १००. त्यांच्याकडून लेखी संमती घेतली होती. वैद्यकीय प्रयोगांतल्या लेखी संमतीचं हे सुरुवातीचं उदाहरण मानलं जातं. पण मरणाची जोखीम असलेल्या कामासाठी गरजूंना पैसे देणं योग्य होतं का, हा प्रश्न उरतोच.

पुढे काय झालं?

१९०१ मध्ये विल्यम गॉर्गस यांनी हवानात मोहीम उघडली. साठलेल्या पाण्यावर रॉकेल ओतलं, पिंपं झाकली, रोग्यांना जाळीत ठेवलं. वर्ष संपायच्या आत शहरातली साथ आटोक्यात आली. हेच उपाय पुढे त्यांनी पनामात वापरले. पीतज्वर आणि मलेरियाने हजारो मजुरांचे जीव घेतल्यामुळे पनामा कालव्याच्या फ्रेंच प्रयत्नाला मोठा फटका बसला होता. अमेरिकेने तो कालवा १९१४ मध्ये खुला केला.

१९३७ मध्ये मॅक्स थायलर यांनी १७डी ही लस तयार केली. १९५१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. फिन्ले यांचं नाव नोबेलसाठी अनेकदा सुचवलं गेलं, पण तो त्यांना कधीच मिळाला नाही.

भारताचा काय संबंध?

भारतात पीतज्वराची साथ आलेली नाही. पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती आपल्याकडे घरोघरी आहे. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला डास तो हाच.

म्हणजे डास हजर आहे, फक्त विषाणू आलेला नाही. म्हणूनच आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाकडे भारतात लशीचं प्रमाणपत्र मागतात. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जाऊ शकतं. त्या देशांत जाणार असाल तर लस किमान १० दिवस आधी घ्या, कारण प्रमाणपत्र त्यानंतरच लागू होतं. एकदा घेतलेली लस आयुष्यभर ग्राह्य धरली जाते.