दूधगंगाकाठचे उपसर्ग आणि प्रत्यय

चिकोडी तालुक्यातील सदलगा या दूधगंगेकाठच्या गावी ६ फेब्रुवारी १९०६ रोजी आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचा जन्म झाला, आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापन करीत असताना त्यांनी सिद्ध केलेली कुंदकुंदाचार्यांच्या ‘प्रवचनसारा’ची आवृत्ती १९३५ साली प्रसिद्ध होऊन प्राकृतविद्येच्या अभ्यासकांत मान्यता पावली, ही गोष्ट त्या परिसरातील जाणती माणसे अभिमानाने सांगतात. परंतु त्या विद्वानाच्या आडनावातच उपसर्गांचा केवढा दीर्घ प्रवास साठलेला आहे, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ‘इ’ म्हणजे जाणे हा धातू, आणि त्याच्या आधी ‘उप’ व ‘अधि’ हे दोन उपसर्ग. ज्याच्या समीप जाऊन अध्ययन करावयाचे तो उपाध्याय. जैनांच्या णमोकार मंत्रात ज्या पाच परमेष्ठींना वंदन केले जाते त्यांत चौथे स्थान याच उपाध्यायांचे असून तेथे त्यांचे प्राकृत रूप ‘उवज्झाय’ असे आहे. उत्तर हिंदुस्थानात हाच शब्द झिजत झिजत ‘ओझा’ झाला आणि त्याच्या आरंभी कधी काळी दोन उपसर्ग उभे होते याची खूणही उरली नाही. कृष्णा, वेदगंगा आणि दूधगंगा यांच्या खोऱ्यात मात्र बस्तीतील, म्हणजे जैन मंदिरातील, पूजाअर्चा वंशपरंपरेने चालविणाऱ्या घराण्यांना ‘उपाध्ये’ असेच म्हणत आले, आणि ‘उप’ तेथे धडधाकट टिकला.

उपसर्गाला स्वतःचा अर्थ असतो की नाही, हा वाद आपल्या देशात फार प्राचीन आहे. यास्काच्या निरुक्तात शाकटायनाचे मत नमूद आहे की नाम आणि क्रियापद यांच्यापासून वेगळे काढलेले उपसर्ग निश्चित असा अर्थ सांगत नाहीत. गार्ग्याचे म्हणणे याच्या उलट, की त्यांचे अर्थ नानाविध असले तरी ते त्यांचे स्वतःचे आहेत. मला गार्ग्याचा पक्ष अधिक पटतो, कारण संस्कृतातील ‘प्रति’ प्राकृतात ‘पडि’ आणि मराठीत ‘पड’ एवढा आखूड होऊनही पडसाद, पडछाया, पडजीभ या शब्दांत मूळ वस्तूला जोडून असलेल्या दुसऱ्या वस्तूचा भाव त्याने अद्याप सोडलेला नाही. ‘उपविश्’पासून आलेले बसणे आणि ‘उपलक्ष्’पासून आलेले ओळखणे ही क्रियापदे पाहिली, की मात्र शाकटायनाची बाजू क्षणभर वरचढ वाटू लागते, कारण तेथे ‘उप’ धातूच्या पोटात असा विरून गेला आहे की बोलणाऱ्याला त्याची यत्किंचित जाणीव होत नाही.

उपसर्गाने अर्थ कसा पालटतो हे शिकविण्यासाठी पंतोजी ‘हृ’ धातूची उदाहरणे देत: आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. सदलगा आणि भोज या बाजूला त्यांतील पहिले दोन शब्द पाठ करावे लागत नाहीत. ‘महाराजांचा आहार झाला’ असे तेथे म्हटले म्हणजे दिगंबर मुनींनी उभ्याने, ओंजळीच्या पात्रात, दिवसातून एकदाच घेतलेले अन्न समजावयाचे. आणि ‘विहार झाला’ म्हणजे ते अनवाणी पायांनी पुढच्या गावाला निघाले. नागर मराठीत विहाराला विलासाची छटा आहे; तोच शब्द येथे कठोर अपरिग्रहाचा झाला. आणखी विलक्षण गोष्ट अशी की ‘उपसर्ग’ हा शब्दच जैन परिभाषेत व्याकरणाचा नव्हे. ध्यानस्थ मुनीवर मनुष्य, पशू किंवा निसर्ग यांच्याकडून जे संकट ओढवते आणि जे त्याने न हलता सोसावयाचे असते, त्याला उपसर्ग म्हणतात. भोजचे दिगंबर मुनी शांतिसागर महाराज यांच्या चरित्रात त्यांच्या अंगावर चढलेल्या सर्पाचा उपसर्ग भाविक आजही सांगतात. गृहस्थाची अणुव्रते आणि मुनींची महाव्रते ही मुळात तीच पाच व्रते. पूर्वपद बदलले की घरदार सुटते. त्या पाचांतील अहिंसा, अस्तेय आणि अपरिग्रह ही तीन नावे तर ‘अ’ या नकारावरच उभी आहेत.

कचेरीतला नकार निराळा. तो फारसीतून आला: नामंजूर, गैरहजर, बेदखल, बेवारस. बस्तीतला नकार माणूस स्वतःवर घालून घेतो. कचेरीतला नकार दुसऱ्याने हुकमाने त्याच्यावर घातलेला असे. शेजारच्या निपाणीचे देसाई सिद्धोजीराव नाईक निंबाळकर यांना दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत ‘सरलष्कर’ हा किताब होता. त्यातील ‘सर’ म्हणजे शिर, अर्थात प्रमुख. १८३९ साली ते औरस वारसावाचून निवर्तले आणि कंपनी सरकारने जहागीर खालसा केली. ज्या घराण्याला ‘सर’ने चढविले, त्याला ‘बे’ने उतरविले. शिवछत्रपतींनी सरनोबताचा सेनापती केला आणि राज्यव्यवहारकोश रचविला, तरी हा ‘सर’ मराठी राज्यातून गेला नाही. देशमुखाच्या आधी तो लागला तेव्हा सरदेशमुख हा वतनदार झाला, आणि त्यालाच पुढे ‘ई’ प्रत्यय लागला तेव्हा मनुष्य लोपून मुलखाच्या वसुलातील दहावा हिस्सा उरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चिकोडी तालुका मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, कचेरीची भाषा पालटली. तहसीलदाराचा ‘दार’ मात्र कन्नडमध्येही जागचा हलला नाही.

कन्नड ही प्रत्ययांची भाषा. संस्कृतासारखे उपसर्ग तिच्या मूळ स्वभावात नाहीत. चिक्कोडी आणि जवळचेच हिरेकोडी यांतील ‘चिक्क’ म्हणजे लहान आणि ‘हिरे’ म्हणजे थोरले ही वस्तुतः विशेषणे होत, पण काम उपसर्गाचे करतात. देशावर हेच भेद फारसी खुर्द आणि बुद्रुक यांनी दाखविले, फक्त गावाच्या नावानंतर. येथे ते आधी आले, आणि तालुक्याचे ठाणे मात्र धाकट्या गावाला लाभले. आडनावांत मराठीचा ‘कर’ येथे निपाणकरांपाशी दिसतो, परंतु बोरगावे, मांगुरे, सदलगे अशी नुसत्या ‘ए’ने संपणारी आडनावे या पट्ट्याची खास ओळख आहेत.

शांतिसागर महाराजांचे गृहस्थाश्रमातील नाव सातगौडा भीमगौडा पाटील. गौडा म्हणजे गावचा मुख्य आणि पाटील म्हणजेही तोच. एकच अधिकार कन्नडने नावाला प्रत्ययासारखा जोडला आणि मराठीने आडनाव म्हणून पुढे ठेवला. भोजचा हा पाटील मुनी झाला तेव्हा दोन्ही गळाले आणि ‘सागर’ आला. १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेऊन त्यांनी देह ठेवला. पण ते उत्तरपद वीरसागर, शिवसागर, ज्ञानसागर अशा शिष्यपरंपरेतून राजस्थानात पोहोचले, आणि तेथे अजमेर येथे ३० जून १९६८ रोजी सदलग्याचे मल्लप्पांचे पुत्र विद्याधर यांना ज्ञानसागरांनी दीक्षा दिली. ‘धर’ जाऊन ‘सागर’ आला. विद्या धारण करणारा विद्यासागर झाला. २०२४च्या फेब्रुवारीत आचार्य विद्यासागर डोंगरगढ येथे समाधिस्थ झाले, आणि एप्रिलमध्ये कुंडलपूर येथे त्यांच्या आचार्यपदावर जे आले ते त्यांचेच सदलग्याचे धाकटे बंधू, समयसागर.