अफूचं कार्ड

आमच्या अकोल्याच्या घरात अफूची एक गोष्ट आहे. आजीचे एक चुलत सासरे होते, घरात सगळे त्यांना बुढा म्हणत. आजी लग्न होऊन आली तेव्हा बुढ्याजवळ सरकारी कार्ड होतं आणि त्यावर ठरलेली अफू मिळायची. ती खाऊन तो वावरात जायचा. "त्याले गोई भेटली नाही त दिवसभर आंग मोडे," आजी सांगते, "अन् भेटली का मंग मानसावानी मानूस." यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नाही.

मी ही गोष्ट नुसती मजा म्हणून ऐकायचो. मग अमरावतीला माझ्यासोबत इंजिनिअरिंग केलेला एक मित्र मुंबईत हेरॉइनच्या सुईत अडकला. तीनदा सोडली, तिन्ही वेळा दोन महिन्यांच्या आत परत. चौथ्यांदा त्याने ब्युप्रेनॉर्फिन सुरू केलं. रोज एक डोस, जिभेखाली. दीड वर्ष झालं, सुई नाही, नोकरी टिकून आहे. मागच्या दिवाळीला तो अकोल्याला आला तेव्हा त्याचे बाबा म्हणाले, "म्हणजे एक सोडलं अन् दुसरं धरलं." मला उत्तर सुचलं नाही. म्हणून बुढ्याच्या कार्डाचं मूळ शोधायला बसलो.

१८७८ च्या अफू कायद्याने इंग्रज सरकारने अफूचा धंदा आपल्या मुठीत घट्ट केला. परवानाधारक दुकानं, ठरलेला कर. खोकला, जुलाब, सांधेदुखी, सगळ्यांवर अफू. रडणाऱ्या तान्ह्या पोरालाही गोळी चाटवायची आणि आईने कामावर जायचं. १८९३ मध्ये लंडनहून शाही अफू आयोग नेमला गेला. १८९५ च्या अहवालात त्याने सांगितलं की भारतात अफूबंदीची गरज नाही. तिजोरीला हे किती सोयीचं होतं ते वेगळं सांगायला नको.

स्वतंत्र भारताने उलटी दिशा धरली. १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेत ठरलं की दहा वर्षांत, म्हणजे ३१ मार्च १९५९ पर्यंत, औषधाव्यतिरिक्त अफू खाणं बंद करायचं. पण जे वीस-तीस वर्षं खात आले त्यांचं काय? एका तारखेला पुरवठा तोडला असता तर म्हातारी माणसं तडफडली असती. म्हणून नोंद झालेल्या, डॉक्टरांचा दाखला असलेल्या माणसांना ठरलेल्या मापाने अफू देत राहण्याची सोय ठेवली गेली. त्याच काळात वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, मग मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात गेला. बुढ्याने घर न सोडता तीन राज्यं पाहिली, अफू मात्र चालू राहिली.

आमच्या धंद्यात याला नवल मानत नाहीत. जुनी सिस्टीम शुक्रवारी रात्री बंद केली की सोमवारी कंपनी रडते. जुनी चालू ठेवून हळूहळू हलवतात.

१९६० च्या दशकाच्या मध्याला न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी हेच हेरॉइनवर केलं. हेरॉइनऐवजी तोंडाने घ्यायचं मेथाडोन, रोज, दवाखान्यात. लोक कामाला परतले. ब्युप्रेनॉर्फिन त्यानंतरचं. ते मेंदूतल्या त्याच जागांना चिकटतं, पण अर्धवट चालू करतं. तलफ आणि अंगमोड थांबते, झिंग फारशी येत नाही, आणि एका मर्यादेपुढे परिणाम वाढत नाही. एका डोसवर दिवस निघतो. सुईच नाही म्हटल्यावर दुसऱ्याच्या सुईतून येणारा एचआयव्हीही नाही. आणि एक गोष्ट त्या बाबांना कुणी सांगितली नव्हती: काही आठवडे सोडल्यावर शरीराची सवय उतरते, मग जुन्याच मापाने घेतलं तर श्वास थांबू शकतो. तीन वेळा सोडून परत गेलेला त्यांचा मुलगा तीन वेळा त्या कडेवर उभा होता.

मग आपल्याकडे ही गोळी इतकी परकी का? १९८५ ला एनडीपीएस कायदा आला, कडक शिक्षांचा. गंमत म्हणजे त्याच कायद्याच्या कलम ७१ मध्ये नोंदणीकृत व्यसनींना सरकारने अमली औषध पुरवण्याची तरतूद आहे. म्हणजे बुढ्याचं कार्ड कायद्यातून कधी पुसलंच गेलं नाही, लोकांच्या डोक्यातून गेलं. त्याच सुमारास मुंबई-पुण्यात गर्द पसरली होती आणि २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांच्या त्या कामाने असंख्य घरं सावरली. पण आपण त्यातून एकच अर्थ उचलला: बरं होणं म्हणजे पूर्ण सोडणं. सोडता न येणाऱ्यासाठी मराठी घरात शब्दच उरला नाही. मुंबईत संकल्प ही संस्था नव्वदच्या दशकापासून सुई घेणाऱ्यांमध्ये काम करते, नॅकोने हे उपचार आपल्या एड्स कार्यक्रमात घेतले, केईएममध्ये मेथाडोन दिलं गेलं. वऱ्हाडात आमच्यापैकी किती जणांनी हे ऐकलं होतं?

२०१९ ला जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अफूजन्य पदार्थांमुळे अडचणीत आलेल्यांचा आकडा सुमारे ७७ लाख होता. त्यातले निम्म्याहून जास्त ज्या मोजक्या राज्यांत, त्यात महाराष्ट्रही आहे. आणि नियम असा होता की डोस रोज केंद्रावर जाऊन, समोर घ्यायचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये काही दिवसांच्या गोळ्या घरी न्यायची मुभा मिळाली. ती मुभा मला सगळ्यात मोलाची वाटते. रोज रांगेत उभं राहावं लागणारा माणूस नोकरी कशी करणार, दिवाळीला गावी कसा येणार?

मित्राला मोजक्याच गोळ्या मिळाल्या होत्या. भाऊबीजेआधी परत निघायचं होतं. पाडव्याला तो बाबांसोबत आमच्याकडे फराळाला आला. चिवडा खाताना माझ्या तोंडून विषय निघालाच. आजीने सगळं ऐकलं. त्याचे बाबा खाली बघत होते.

"म्हंजे आमच्या बुढ्यावानीच हाये," आजी म्हणाली. "कार्ड हाये का रे तुह्याजवळ?"

त्याने पाकिटातून केंद्राचं ओळखपत्र काढून तिच्या हातात दिलं. आजीने चष्मा चढवला, उलटून पालटून पाहिलं, आणि त्याच्या बाबांकडे दिलं.